अथेरे म्हणजे दलिया

अलकाने यादीतल्या सातव्या ओळीवर रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि कागद सुहासिनीकाकूंच्या पुढे सरकवला.

"एवढंच."

सुहासिनीकाकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. हिंदी मुलखातल्या त्या शहरात, अयोध्या नगरातल्या बहुतेक मराठी घरांत डोहाळजेवणापासून श्राद्धापर्यंतचा स्वयंपाक त्याच करत आणि यादी हातात आली की मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

"खीर, वडे, कढी, डांगराची भाजी, गवार, आमसुलाची चटणी. आणि हे काय खोडलंस? लापशी?"

"ती नको."

"अगं, मागच्या आठवड्यात तूच लिहायला लावलीस. उदयला आवडायची म्हणून. वर्षश्राद्धाला त्या माणसाच्या आवडीचा एक जिन्नस पानात पाहिजे बाई. आमच्या सासऱ्यांच्या पानात शेव असते दरवर्षी. इंदूरची माणसं, शेवेशिवाय ते वरही जेवायचे नाहीत."

"मग जिलबी आणू. जिलबीही आवडायची."

"जिलबी काय, सगळ्यांनाच आवडते," असं पुटपुटत सुहासिनीकाकूंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

ऋचा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. हातात बायोलॉजीचं पुस्तक, मध्ये बोट घातलेलं. रविवारपासून तिला शंका होती, आता खात्रीच झाली. अकरा महिने आईने रोज सकाळी लापशी केली होती. बाबा गेल्यावरसुद्धा, जणू त्यांच्या प्लांटची पहिल्या पाळीची बस अजूनही सहा वीसला कोपऱ्यावर येणार आहे. तुपावर भाजलेला दलिया, गूळ, वरून दूध, आणि दोघींपुढे दोन वाडगे. रविवारी सकाळी मात्र टेबलावर चहा आणि टोस्ट होते, आणि दलियाचा डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर गेला होता, पिठाच्या चाळणीच्या मागे.

आणि शनिवारी ऋचाचं भाषण झालं होतं.

ते भाषण म्हणजे खरं तर एकच शब्द होता. तिला तो बाबांच्या मृत्यूच्या कागदावर सापडला. दवाखान्यातून मिळालेल्या त्या फॉर्मवर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक लांबलचक इंग्रजी शब्द होता, ॲथेरोस्क्लेरोसिस, आणि तो ऋचाला वाचताच आला नव्हता. आपल्या बाबांना ज्याने नेलं त्याचं नावसुद्धा आपल्याला उच्चारता येऊ नये, याचा तिला इतका राग आला की ती त्या शब्दाच्या मागेच लागली. आधी स्पेलिंग, मग अर्थ, मग अर्थाच्या मागचा अर्थ. दोन महिन्यांत ती तो शब्द न अडखळता म्हणायला लागली. चार महिन्यांत वर्गात उभी राहून फळ्यावर हृदय काढून समजावू लागली. जी मुलगी दहावीपर्यंत प्रार्थनेच्या वेळी सुविचार वाचतानाही अडखळायची, ती आता कॅन्टीनमध्ये, स्कूल बसमध्ये, ब्युटी पार्लरमध्येसुद्धा ऐकणाऱ्याला धमन्यांबद्दल सांगत सुटायची. मैत्रिणी म्हणायच्या, यार, तुला काय झालंय. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. बोलत असताना बरं वाटायचं, एवढं खरं.

शनिवारी अरेरा कॉलोनीतल्या एका शाळेच्या सभागृहात जिल्ह्याची हिंदी वक्तृत्व स्पर्धा झाली. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांना 'पांढरीपांडे' हे आडनाव तीनदा प्रयत्न करूनही जमलं नाही. शेवटी ते "बिटिया ऋचा" एवढंच म्हणाले आणि लोक हसले. ऋचाही हसली, माइक आपल्या उंचीला खाली घेतला आणि सुरुवात केली. ग्रीक वैद्यांनी मेलेल्या माणसांची शरीरं उघडली तेव्हा त्यांना या नळ्या रिकाम्या दिसल्या. त्यांना वाटलं, यांतून हवा खेळत असणार, म्हणून ते म्हणू लागले आर्टेरिया. आणि आपल्याकडचा शब्द धमनी. धम् म्हणजे फुंकणं. दोन देश, मध्ये डोंगर, समुद्र, वाळवंट, आणि दोघांनाही वाराच आठवला. मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरने दोन जुने ग्रीक शब्द जोडले. स्क्लेरोसिस म्हणजे कडक होणं. आणि अथेरे म्हणजे भरडलेल्या धान्याची पेज. म्हणजे आपला दलिया. कारण बंद पडलेली धमनी चिरली तर आत तसंच काहीतरी दिसतं, फिकट पिवळं, गिचगिचीत. आपण पुस्तकात नुसतं धमनीकाठिण्य लिहितो. कडकपणा ठेवला आणि दलिया गाळून टाकला.

दुसऱ्या रांगेत आई होती, मांडीवर पर्स धरून. ऋचाने शेवटाकडे वळण घेतलं. माझे बाबा आयुष्यभर रोज सकाळी दलिया खायचे. उस सुबह भी बाबा ने कुछ नहीं कहा था. धमनियाँ शिकायत नहीं करतीं. इथे टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिला पुढचं वाक्य थांबवून धरावं लागलं. पुढे तिने छातीत दुखलं तर पहिला तास कसा मोलाचा असतो ते सांगितलं, मिनिटांच्या हिशोबासकट, आणि नमस्कार केला. पहिला नंबर. राज्याची फेरी पुढच्या महिन्यात.

घरी येताना आई म्हणाली होती, "छान बोललीस." आणि स्कूटरचा वेग वाढवला होता.

आता सातवी ओळ खोडल्याचं ऐकून ऋचाने बोट काढून पुस्तक मिटलं. तिने तीनशे लोकांसमोर उभं राहून सांगितलं होतं की बाबांच्या हृदयात दलिया सापडला. आणि तो दलिया एकोणीस वर्षं रोज सकाळी कुणी रांधला होता, हे त्या सभागृहात एकाच बाईला माहीत होतं.

सुहासिनीकाकूंना फाटकापर्यंत सोडायला ती मुद्दाम गेली.

"काकू, आईला वाटतंय की लापशीमुळे झालं."

"काय झालं?"

"बाबांचं. मी भाषणात एक शब्द सांगितला ना," आणि ऋचाने फाटकाला टेकून सगळा शब्द उलगडून सांगितला, ग्रीक वैद्यांपासून जर्मन डॉक्टरपर्यंत. सुहासिनीकाकू तोंडावर हात ठेवून ऐकत राहिल्या.

"आता कळलं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनाही बीपी आहे, आणि मी मेली रोज दलिया करून घालतेय. त्या टीव्हीवरच्या बाईने सांगितलं म्हणून. आजपासून बंद."

"नाही काकू, उलटं आहे. दलिया चांगलाच असतो. ते फक्त तसं दिसतं."

"अगं, डॉक्टर लोकांनी नाव ठेवलंय म्हणजे काहीतरी बघूनच ठेवलं असेल ना. ग्रीक म्हणजे काय आपल्यासारखे येडे होते का?" त्यांनी ऋचाच्या गालाला हात लावला. "हुशार गं पोरी तू. बरं झालं सांगितलंस."

त्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशा झाल्या तरी ऋचा फाटकाशीच उभी होती. सुहासिनीकाकूंचं असं झालं, तर आईचं काय झालं असेल.

त्या संध्याकाळी नागपूरहून केशवकाकांचा फोन आला. बाबांचे मोठे भाऊ. वर्षश्राद्ध तेच करणार होते. दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन यायचा आणि बोलणं गाडीच्या तिकिटांवरून, हवेवरून, त्यांच्या मुलाच्या, अमोलदादाच्या नोकरीवरून फिरत फिरत नेहमी एकाच जागी येऊन थांबायचं. फोन स्पीकरवर नसला तरी ऋचाला त्यांचा प्रश्न ऐकू यायचा, कारण आईचं उत्तर ठरलेलं असायचं.

"नाही भाऊजी, काहीच म्हणाले नव्हते," अलका म्हणाली. "हो ना. एकदम. अगदी नेहमीसारखे गेले घरातून."

फोन ठेवून तिने ओल्या फडक्याने तो पुसला. फोनला काहीही लागलेलं नव्हतं.

ऋचाने बायोलॉजीचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं, बरोबर त्या पानावर, जिथे धमनीचा आडवा छेद आहे आणि खाली स्वच्छ छापलंय की साठतात ते मेदाचे आणि कॅल्शियमचे थर. चौकटीला तिने गुलाबी हायलाइटरही मारला. अलका ताटं घेऊन आली, पुस्तक बंद केलं, फ्रिजवर ठेवलं आणि म्हणाली, "जेवताना अभ्यास नको."

गुरुवारी आईचं ऑफिस सुटल्यावर ऋचा तिच्याबरोबर टी. टी. नगरच्या बाजारात गेली. आईला दर्भ, काळे तीळ, जानवी आणि पत्रावळी घ्यायच्या होत्या, आणि स्कूटरवर पिशव्या धरायला माणूस लागणार होतं. दुकानदाराने "दीदी, वार्षिक है क्या" विचारून एक बांधलेला संचच पुढे केला, तरी अलकाने प्रत्येक वस्तू स्वतः निवडून घेतली. दर्भाच्या दोन जुड्या परत केल्या, तिसरी घेतली. ऋचा शेजारी उभी राहून मनातल्या मनात वाक्यांची जुळणी करत होती. भाषणाइतकीच तयारी केली होती तिने. समोरासमोर बोलायला आई वेळ देत नव्हती, पण स्कूटरवर ती कुठे जाणार.

रोशनपुऱ्याचा चढ मागे पडल्यावर तिने आईच्या हेल्मेटजवळ तोंड नेलं.

"आई, एक सांगायचंय. पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नको."

"पिशवी नीट धर."

"धरलीय. ते अथेरे म्हणजे दलिया मी म्हटलं ना, ते दलियासारखं दिसतं म्हणून. दलियाने होतं म्हणून नाही. ग्रीक लोकांना ते बघून खायची गोष्ट आठवली, बस. मोतीबिंदूत काय मोती असतात का? जे साठतं ना, ती चरबी असते, कोलेस्टेरॉल, मेलेल्या पेशी, चुना. वीस-वीस वर्षं साठत असतं. लापशीत उलट फायबर असतं. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या रोज खाल्ली पाहिजे. म्हणजे तू एकोणीस वर्षं बाबांचं भलंच करत होतीस. तुझ्यामुळे ते इतकी वर्षं टिकले असतील, असंही म्हणू शकतो आपण. सायंटिफिकली."

एक मिनीबस हॉर्न वाजवत अंगावरून गेली. ऋचाने आरशात बघितलं. हेल्मेटच्या काचेवर आकाश दिसत होतं, आईचे डोळे दिसत नव्हते.

"आणि सुहासिनीकाकूंचं ऐकू नको. त्यांनी काकांचा दलिया बंद केलाय, माझ्यामुळे. मी त्यांनाही परत समजावणार आहे. आई, तू ऐकतेयस ना?"

प्रभात चौराह्याला लाल दिवा होता. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. अलकाने आकड्यांकडे बघत एक पाय टेकवला. हिरवा झाल्यावर तिने चौक ओलांडला आणि पुढे एका बंद टायरच्या दुकानासमोर स्कूटर बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. कपाळावर फोमचा लाल वळ उमटला होता.

"तू एक लक्षात घे," ती म्हणाली. "मी बीएस्सी आहे."

"माहीत आहे मला."

"झूऑलॉजी. अमरावतीला तीन वर्षं बेडूक कापलेत मी. बेडकाची एऑर्टा, सगळ्यांत मोठी धमनी, या हाताने सुटी करून दाखवलीय परीक्षेत." तिने हात पुढे केला, जणू ते अजून हातावर दिसत असावं. "ॲथेरोस्क्लेरोसिस मला त्या कागदावर पहिल्यांदा नाही कळलं, ऋचा. तू सहा महिने गूगल करत होतीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

ऋचाला आई बीएस्सी आहे हे माहीत होतं, रेशनकार्डावरचा पत्ता माहीत असतो तसं. तो पत्ता म्हणजे एक घर असतं आणि त्यात कुणी राहतं, हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता.

"मग लापशी का खोडलीस?"

अलका रस्त्याकडे बघत होती. प्लांटची पाळी सुटली होती. निळ्या शर्टांच्या माणसांचे टिफिन सायकलींच्या हँडलला लटकत चालले होते.

"दलियाचं वाक्य चांगलं होतं तुझं," ती म्हणाली. "मला आवडलं ते. पण त्याच्या पुढचं..."

"कुठलं?"

"उस सुबह भी बाबा ने कुछ नहीं कहा था." अलकाने ते फायलीवरचा शेरा वाचावा तसं म्हटलं. "ते बोलले होते."

ऋचाने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. आतले दर्भ करकरले.

"दोन चमचे खाल्ले आणि म्हणाले, नको गं आज, इथे काहीतरी अडकल्यासारखं होतंय. हात इथे ठेवला." अलकाने स्वतःचा हात गळ्याच्या खाली नेला आणि लगेच काढला. "मी म्हटलं, रात्री भजी खायला कुणी सांगितली होती. रोज थोडं टाकून जायचे, आणि ते टाकलेलं मग मी खायचं. वैताग आला होता मला. म्हटलं, आज वाडगा रिकामा केल्याशिवाय दार उघडायची नाही. खरंच जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले. बूट घालून झाले होते त्यांचे. उभ्या उभ्या संपवला. हसत होते. म्हणाले, झालं समाधान, मॅडम? वाडगा उलटा करून दाखवला मला."

तिने हँडलवरच्या हेल्मेटचा पट्टा सरळ केला.

"मग मी दार उघडलं."

शेजारच्या हातगाडीवर एक बाई हिरवे हरभरे सोलत होती. तिने दोघींकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"दवाखान्यात त्या डॉक्टरने विचारलं होतं. आठवतं?"

ऋचाला आठवत होतं. पिवळ्या भिंती, आणि डॉक्टरचा पेन कागदावर टेकलेला. सुबह कोई तकलीफ़ बताई थी इन्होंने? आणि आईने तिच्याकडे बघितलं होतं. डॉक्टरकडे नाही, तिच्याकडे. नहीं.

"तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. निघून गेलं तोंडातून. मग तेच सगळ्यांना सांगावं लागलं. प्लांटच्या लोकांना, माझ्या आईला. भाऊजी तर दर फोनला विचारतात. आणि शनिवारी तू सांगितलंस, इतक्या चांगल्या आवाजात, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या." अलकाने हेल्मेट उचललं, पण घातलं नाही. "तो वाडगा मी परत त्यांच्या पुढे कसा ठेवू?"

ऋचाजवळ वर्षभराचं वाचन होतं. वीस वर्षं साठलेले थर होते, टक्केवारी होती, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांचे व्हिडिओ होते. यातलं काहीतरी आईच्या हातात ठेवावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण त्याच भाषणाच्या शेवटी पहिला तासही होता, मिनिटांच्या हिशोबासकट, आणि तो तिनेच सांगितला होता. बाबांनी सांगितलं ते सकाळी सहाला, आणि दवाखान्यात पोचले तेव्हा दहाला वीस कमी होते.

"मी ते वाक्य काढून टाकते," ती म्हणाली.

"नको. बक्षीस त्यालाच मिळालंय." अलकाने हेल्मेट घालून पट्टा लावला. "बस. कढीपत्ता राहिला घ्यायचा."

रविवारी घर माणसांनी भरलं. केशवकाका शनिवारीच आले होते, सोवळं-ओवळं फारसं न मानणारे, तरी धाकट्या भावासाठी सकाळपासून उपाशी राहून, सांगितलेलं सगळं मुकाट्याने करत होते. पिंडांवर तीळ सोडताना ते मागे पडले आणि गुरुजींनी मंत्र थोडा सावकाश घेतला. पानात जिलबी होती. लापशी नव्हती, आणि सुहासिनीकाकूंशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवणं आटोपल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ जण टेकले. बाबांचे प्लांटमधले दोन मित्र, शेजारचे काका, गुरुजी. केशवकाकांनी लोडाला पाठ लावली आणि ऋचाला हाक मारली.

"ये. ते भाषण ऐकव बघू तुझं. व्हिडिओत आवाज फुटतो."

"आत्ता नको ना काका."

"अगं, उदयवरच आहे ना? मग आजच्याइतका चांगला दिवस कुठला? माइक हवाय की काय तुला आता?"

सगळे हसले. ऋचाने स्वयंपाकघराकडे बघितलं. दारातून आईची पाठ दिसत होती. ती उरलेली खीर लहान पातेल्यात काढत होती.

ऋचा उभी राहिली. पहिली दोन वाक्यं पडलेल्या आवाजात गेली, मग ग्रीक वैद्य आले, आर्टेरिया आली, धमनी आली, आणि आवाज आपोआप चढला, जसा नेहमी चढायचा. प्लांटमधले शर्माजी "वाह" म्हणाले. दलियाच्या वाक्याला केशवकाकांनी डोळे मिटून मान हलवली. माझे बाबा आयुष्यभर रोज सकाळी दलिया खायचे, एवढं ऋचा म्हणाली आणि थांबली.

स्वयंपाकघरात पळीचा आवाज बंद झाला होता.

"पुढे?" केशवकाका म्हणाले.

"पुढचं बदलायचंय, काका. अजून लिहिलं नाही."

"बदलू नको. तिथेच तर जान आहे. थांब, मी सांगतो, पाठ झालंय मला." त्यांनी बसल्या बसल्या हात वर केला आणि आपल्या नागपुरी हिंदीत म्हटलं, "उस सुबह भी बाबा ने कुछ नहीं कहा था. धमनियाँ शिकायत नहीं करतीं." मग ते शर्माजींकडे वळले. "लाख टके की बात कही है लडकी ने. आमचा अमोल माझ्या मागे लागलाय, बाबा अँजिओग्राफी करा, हे करा, ते करा. मी त्याला हाच व्हिडिओ पाठवला. म्हटलं, उदयने कुठे काही सांगितलं होतं? सांगून येतच नाही म्हटल्यावर तपासण्या कशाला? जिना चढताना मलाही कधी कधी अडकल्यासारखं होतं इथे. पण गॅस आहे तो. ओवा घेतला की उतरतो."

खोलीत कुणीतरी हो ला हो केलं. गुरुजींनी सुपारी कातरायला घेतली.

अलका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हात ओले होते. ते तिने पदराला पुसले, एकदा, मग दुसऱ्यांदा, सावकाश, एकेक बोट.

"भाऊजी," ती म्हणाली.

केशवकाकांनी वर बघितलं.

"ते बोलले होते."

सुपारीचा आवाज थांबला. ऋचा अजून खोलीच्या मध्ये उभी होती, सगळ्यांच्या नजरांच्या वाटेत. ती खाली बसली आणि भिंतीकडे सरकली. सतरंजीवर एका माणसापुरती जागा झाली. अलका तिथे येऊन बसली, गुडघे पोटाशी घेतले, आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता, साडेपाचच्या गजरापासून सांगायला लागली.